फ्रेमवर्कमधील सार्वजनिक आणि अंतर्गत इंटरफेस: कशावर विसंबावे आणि कसे

डिसेंबर २०१९ मध्ये जँगो या पायथनमधील वेब फ्रेमवर्कची ३.० ही आवृत्ती आली, तेव्हा 'जँगो.यूटिल्स' या एकाच पॅकेजमधील दोन नावांची गत अगदी वेगवेगळी झाली. कोणत्याही मूल्याचे मजकुरात रूपांतर करणारे 'फोर्स_टेक्स्ट' हे फंक्शन मोडीत काढायचे ठरले होते, पण ते लगेच काढले गेले नाही. ३.०, ३.१ आणि ३.२ या तिन्ही आवृत्त्यांत ते चालत राहिले, जो वापरेल त्याला इशारा देत राहिले, आणि डिसेंबर २०२१ मधील ४.० आवृत्तीतच नाहीसे झाले. पायथन २ आणि ३ या दोहोंवर चालणारा कोड लिहिण्यासाठी ठेवलेले 'सिक्स' हे मॉड्यूल मात्र ३.० मध्येच गेले, आणि ज्यांच्या कोडमध्ये ते इम्पोर्ट केलेले, म्हणजे बाहेरून आणून वापरलेले, होते त्यांचा प्रकल्प नवी आवृत्ती बसवताच त्या ओळीवर थांबला. दोन्ही नावे इम्पोर्ट करण्याची रीत सारखीच होती, दोन्ही अनेक वर्षे चालत आलेली होती, आणि नावाच्या आरंभी अंडरस्कोर (_ हे चिन्ह) दोन्हींना नव्हता. तरीही 'फोर्स_टेक्स्ट' सार्वजनिक एपीआयमध्ये, म्हणजे बाहेरच्या कोडने वापरायच्या नावांच्या संचात, मोडत होते, तर 'सिक्स' ही जँगो २.० ने पायथन २ ला निरोप दिल्यानंतर इतर पॅकेजांच्या सोयीसाठी काही काळ ठेवलेली खासगी वस्तू होती. ३.० च्या रिलीज नोट्समध्ये तिचा उल्लेखही खासगी एपीआय असाच आहे.

या उदाहरणातून एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुढची सगळी रीत तिच्यावर उभी आहे. एखादे नाव आपल्या कोडमधून वापरता येते म्हणून ते सार्वजनिक ठरत नाही; ते टिकवण्याचे वचन कुणीतरी दिलेले असते म्हणून ते सार्वजनिक ठरते. जुन्या वाड्यात माजघराला कुलूप नसे, पण परका माणूस ओसरीवरच बसत असे. पायथनचेही तसेच आहे. गो भाषेत 'इंटर्नल' नावाच्या फोल्डरमधील कोड बाहेरच्या मॉड्यूलने इम्पोर्ट केला तर बांधणीच होत नाही, आणि जावामध्ये २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून मॉड्यूलची व्यवस्था आली व २०२१ च्या सतराव्या आवृत्तीपर्यंत जेडीकेच्या (जावाच्या विकास-साधनसंचाच्या) बहुतेक अंतर्गत भागांची दारे खरोखरच बंद झाली. पायथनमध्ये दार उघडेच असते, म्हणून आत पाऊल टाकण्यापूर्वी विचारण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर येते.

इम्पोर्टची ओळ लिहिण्यापूर्वी

पहिला प्रश्न डॉक्युमेंटेशनला विचारावा. पायथनच्या कोडलेखनाचे संकेत सांगणाऱ्या 'पेप ८' या दस्तऐवजात याविषयी स्वतंत्र भाग आहे आणि त्यातील नियम असंदिग्ध आहे: जे डॉक्युमेंटेशनमध्ये आहे ते सार्वजनिक मानावे, मात्र तिथेच ते तात्पुरते किंवा अंतर्गत असल्याचे सांगितले असेल तर मानू नये, आणि ज्याची नोंदच नाही ते सर्व अंतर्गत धरावे. जँगोचे एपीआय-स्थैर्याचे धोरणही याच पायावर आहे. डॉक्युमेंटेशनमध्ये आलेले नाव हलवले किंवा बदलले तर जुन्या नावाने काम चालत राहील अशी सोय केली जाते, आणि काही मोडीत काढायचे असेल तर किमान दोन फीचर आवृत्त्या इशारा देऊन मगच काढले जाते. सुरक्षेतील एखादी त्रुटी बुजवण्यासाठी हे वचन मोडावे लागू शकते, हेही धोरणात आधीच सांगून ठेवले आहे.

इथे 'डॉक्युमेंटेशन' या शब्दाचा अर्थ काटेकोरपणे घ्यावा. सोर्स कोडमधील डॉकस्ट्रिंग, म्हणजे कोडच्या आतच लिहिलेले वर्णन, हे डॉक्युमेंटेशन नव्हे. प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर हजार मते मिळालेले उत्तरही नव्हे. त्या उत्तराने तुमची आजची अडचण सुटेल, पण ते लिहिणाऱ्याने फ्रेमवर्कच्या वतीने कसलेही वचन दिलेले नसते. एडिटर टिंब टाकल्याबरोबर जी नावांची यादी दाखवतो तिच्यावर तर मुळीच विसंबू नये, कारण ती यादी ऑब्जेक्टवर काय काय आहे एवढेच सांगते. 'जँगो.यूटिल्स'च्या अधिकृत पानावर आरंभीच नमूद केले आहे की या पॅकेजमधील बहुतेक मॉड्यूल अंतर्गत वापरासाठी आहेत आणि केवळ त्या पानावर दिलेले भागच स्थिर समजावेत. एवढे एक वाक्य ज्याने वाचले, त्याला पॅकेजमधील उरलेल्या नावांविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही.

दुसरा प्रश्न नावाच्या रूपाला विचारावा. आरंभीचा एक अंडरस्कोर ही अंतर्गत असण्याची खूण आहे, आणि ही खूण वरून खाली उतरते: ज्या पॅकेजच्या, मॉड्यूलच्या किंवा क्लासच्या नावाआधी अंडरस्कोर आहे, त्याच्या आत असलेल्या साध्या, निरागस दिसणाऱ्या नावालाही ती लागू होते. उलट मात्र खरे नाही. अंडरस्कोर नाही म्हणून नाव सार्वजनिक होत नाही. 'सिक्स'ने ते पुरेसे स्पष्ट केले आहे. काही वेळा अंडरस्कोर असूनही नाव सार्वजनिक असते. पायथनच्या 'नेम्डटपल'मधील '_रिप्लेस' आणि '_ॲजडिक्ट' या मेथड डॉक्युमेंटेशनमध्ये आहेत. त्यांना अंडरस्कोर दिला तो वापरणाऱ्याने ठेवलेल्या फील्डच्या नावांशी त्यांची टक्कर होऊ नये म्हणून. जँगोच्या प्रत्येक मॉडेलवर (डेटाबेसमधील तक्त्याचे वर्णन करणाऱ्या क्लासवर) असणाऱ्या '_मेटा'चेही असेच आहे, आणि त्याची हकीकत शेवटी सविस्तर येईल. म्हणून रूप आणि डॉक्युमेंटेशन यांच्यात मतभेद दिसला तर डॉक्युमेंटेशनचे म्हणणे अंतिम मानावे.

तिसरा प्रश्न पत्त्याचा आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षातून निसटतो. एखादा क्लास सार्वजनिक असला, तरी त्याच्यापर्यंत पोचण्याची प्रत्येक वाट सार्वजनिक नसते. एका मॉड्यूलने स्वतःच्या कामासाठी दुसरीकडून इम्पोर्ट केलेले नाव त्या पहिल्या मॉड्यूलमधूनही मिळते, पण 'पेप ८'च्या मते अशी आयात नावे हा निव्वळ अंतर्गत तपशील असतो. जँगोमधील 'फील्डडझनॉटएक्झिस्ट' हा अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे चूक घडल्याचे कळवणारा क्लास) 'जँगो.कोअर.एक्सेप्शन्स'मध्ये राहतो; पूर्वी तो 'जँगो.डीबी.मॉडेल्स.फील्ड्स'मधूनही मिळत असे आणि पुष्कळांनी तिथूनच घेतला होता. ऑगस्ट २०२० मधील ३.१ आवृत्तीत ती जुनी वाट बंद झाली. अपवाद जागेवरच होता, पत्ता चुकलेला होता. उलट मॉडेलची फील्ड मुळात 'फील्ड्स' या आतल्या मॉड्यूलमध्ये लिहिलेली असली तरी ती 'जँगो.डीबी.मॉडेल्स'मधून घ्यावीत असे डॉक्युमेंटेशन सांगते. एडिटरला 'आपोआप इम्पोर्ट कर' असे सांगितल्यावर तो कित्येकदा व्याख्या जिथे आहे तो आतला पत्ता भरतो. तो डॉक्युमेंटेशनमधील पत्त्याशी जुळवून पाहण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

फ्रेमवर्क तुम्हाला हाक मारते तेव्हा

लायब्ररी आणि फ्रेमवर्क यांच्यातील भेद इथे महत्त्वाचा ठरतो. लायब्ररीला आपण हाक मारतो. फ्रेमवर्क बहुतेक वेळा आपल्याला हाक मारते. आपण त्याच्या क्लासपासून आपला क्लास काढतो, त्यातली एखादी मेथड नव्याने लिहितो, आणि ती केव्हा, किती वेळा व कोणत्या क्रमाने चालवायची हे फ्रेमवर्क ठरवते. त्यामुळे 'ही मेथड बोलावता येईल' आणि 'ही मेथड बदलून लिहिता येईल' ही दोन स्वतंत्र वचने आहेत. एक दिले म्हणून दुसरे आपोआप मिळत नाही.

जँगोच्या मॉडेलवरील 'सेव्ह' ही मेथड बदलून लिहिण्याची परवानगी डॉक्युमेंटेशन उघडपणे देते, पण त्यासोबत मर्यादाही सांगते. 'बल्क_क्रिएट'ने अनेक नोंदी एकदम घातल्या किंवा क्वेरीसेटच्या (डेटाबेसमधून निवडलेल्या नोंदींच्या संचाच्या) 'अपडेट'ने एकदम बदलल्या, तर 'सेव्ह'ला हाक जात नाही. ज्याने बिलाची एकूण रक्कम काढण्याचे काम 'सेव्ह'मध्ये ठेवले आणि हे वाक्य वाचले नाही, त्याच्या तक्त्यात जुन्या रकमा राहून जातील आणि कोणताही इशारा येणार नाही. डॉक्युमेंटेशनमधील दुसरी सूचना अशी की 'सेव्ह' बदलताना आलेले सर्व आर्ग्युमेंट मूळ मेथडकडे जसेच्या तसे पुढे पाठवावेत, म्हणजे पुढे जँगोने नवे आर्ग्युमेंट वाढवले तरी तुमचा कोड त्यांच्या आड येणार नाही. मेथडची सही, म्हणजे ती कोणते आर्ग्युमेंट कोणत्या रीतीने घेते, हाही इंटरफेसचाच भाग आहे. ऑगस्ट २०२४ मधील ५.१ आवृत्तीत 'सेव्ह'ला नावाशिवाय, निव्वळ क्रमाने आर्ग्युमेंट देण्याची रीत मोडीत काढायची ठरली, तेव्हा नाव तसेच असूनही रीतसर इशाऱ्याची वाट चालावी लागली.

बदलून लिहिण्याच्या वाटेवर आणखी एक धोका आहे. समजा तुम्ही फ्रेमवर्कच्या व्ह्यू क्लासपासून आपला क्लास काढला आणि त्यात '_प्रिपेअर' नावाची स्वतःची मेथड घातली. आज मूळ क्लासमध्ये या नावाचे काही नाही. दोन वर्षांनी फ्रेमवर्कच्या कर्त्यांनी आपल्या अंतर्गत सोयीसाठी नेमके तेच नाव वापरले, तर तुमची मेथड नकळत त्यांच्या मेथडची जागा घेईल. यात त्यांनी कोणतेही वचन मोडलेले नसेल, कारण अंडरस्कोरची नावे त्यांचीच आहेत. म्हणून परक्या क्लासपासून काढलेल्या क्लासमध्ये स्वतःच्या मेथडना प्रकल्पाच्या नावाचा उपसर्ग द्यावा, किंवा ते काम वेगळ्या ऑब्जेक्टकडे सोपवून क्लासमध्ये केवळ त्याचा संदर्भ ठेवावा. आरंभी दोन अंडरस्कोर दिले की पायथन त्या नावाला क्लासचे नाव जोडून टाकतो. ही सोय गुप्ततेसाठी नसून नेमकी अशीच टक्कर टाळण्यासाठी आहे.

नावांच्या पलीकडे वर्तनाचाही विचार करावा लागतो. पायथनचा डिक्शनरी हा प्रकार ३.६ या आवृत्तीत नोंदी घातल्याच्या क्रमाने ठेवू लागला, पण तो त्या वेळी अंमलबजावणीचा योगायोग म्हणून जाहीर झाला होता आणि त्यावर विसंबू नये असे सांगितले होते. २०१८ मध्ये ३.७ आली आणि तोच क्रम भाषेच्या नियमाचा भाग झाला. कोडचे वर्तन दोन्हीकडे एकच. पहिल्या आवृत्तीत ते अंतर्गत, दुसरीत सार्वजनिक. तुमच्या चाचण्या त्रुटीच्या संदेशातील शब्दांची, तयार झालेल्या एचटीएमएलमधील मोकळ्या जागांची किंवा डेटाबेसकडे क्रम न मागता मिळालेल्या ओळींच्या क्रमाची अक्षरशः तुलना करत असतील, तर त्या कुणीही न दिलेल्या वचनावर उभ्या आहेत.

अंतर्गत भागाला हात लावल्याशिवाय गत्यंतर नसेल तर

अशी वेळ येते, आणि ती आली म्हणून अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. पण आधी एकदा बाहेरची वाट शोधावी. पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या 'पिप'चे उदाहरण यासाठी चांगले आहे. पिप हा कमांड देऊन चालवायचा प्रोग्राम आहे, आपल्या कोडमधून इम्पोर्ट करण्याची लायब्ररी नव्हे, ही त्याच्या कर्त्यांची भूमिका होती. तरीही अनेक प्रकल्पांच्या 'सेटअप' फाइलमध्ये आवश्यक पॅकेजांची यादी वाचण्यासाठी पिपच्या पोटातील 'पार्स_रिक्वायरमेंट्स' हे फंक्शन वापरलेले असे. एप्रिल २०१८ मध्ये पिपची दहावी आवृत्ती आली, आतील सर्व कोड 'पिप._इंटर्नल' या पॅकेजमध्ये गेला, आणि त्या सर्व फाइल एकाच दिवशी मोडल्या. बाहेरची वाट तेव्हाही होती आणि आजही आहे: ज्या पायथनवर आपला प्रोग्राम चालू आहे त्याच पायथनला वेगळ्या प्रक्रियेत पिप चालवायला सांगावे. कमांडचे पर्याय हाच तिथला सार्वजनिक इंटरफेस आहे.

बाहेरची वाट खरोखर नसेल, तर अंतर्गत नावाचा वापर एकाच फाइलमध्ये कोंडावा. त्या फाइलमध्ये आपल्या नावाचे एक छोटे फंक्शन लिहावे, फ्रेमवर्कचे अंतर्गत नाव केवळ त्याच्या आत यावे, आणि उरलेल्या प्रकल्पाने आपल्या फंक्शनलाच हाक मारावी. फाइलच्या माथ्यावर हे का करावे लागले, कोणत्या आवृत्तीवर पारखले आणि कशाची सोय झाली की हे काढता येईल, एवढे तीन-चार ओळींत लिहून ठेवावे. त्याच फंक्शनसाठी वेगळी चाचणी असावी, म्हणजे नवी आवृत्ती बसवल्यावर प्रकल्पाच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून शंभर चुका येण्याऐवजी एकच चाचणी पडेल आणि बोट नेमक्या जागी जाईल. फ्रेमवर्कच्या आवृत्तीची मर्यादाही बांधून घ्यावी: ४.२ मधील दुरुस्तीच्या आवृत्त्या आपोआप याव्यात, पण ५.० येऊ नये. शेवटी, फ्रेमवर्कच्या कर्त्यांकडे आपली गरज मांडावी. 'तुमचे हे अंतर्गत फंक्शन सार्वजनिक करा' असे म्हणण्यापेक्षा 'आम्हाला हे काम करायचे आहे आणि सार्वजनिक एपीआयमधून ते असे अडते' असे लिहिले तर उपयोग अधिक होतो, कारण त्यांना योग्य इंटरफेस आखायला वाव राहतो.

सार्वजनिक नावांच्या बाबतीतही एक काम नियमाने करावे लागते. इशारे दिले जातात, पण पायथन त्यातले पुष्कळ इशारे एरवी दाखवत नाही. चाचण्या चालवताना पायथनला 'वजा-डब्ल्यू-ए' हा पर्याय दिला की सर्व इशारे पडद्यावर येतात. जँगोच्या इशाऱ्यांच्या क्लासचे नावच 'रिमूव्ह्डइनजँगो५०वॉर्निंग' अशा धाटणीचे असते, त्यामुळे कोणत्या आवृत्तीत ते नाव जाणार हे वेगळे शोधावे लागत नाही. अपग्रेडच्या आधी सध्याच्या आवृत्तीवरच हे इशारे शून्यावर आणावेत आणि मगच पुढची आवृत्ती बसवावी. जँगोच्या धोरणानुसार ४.० किंवा ४.१ मध्ये मोडीत निघालेले नाव ५.० मध्ये जाते, आणि ४.२ मध्ये मोडीत निघालेले ५.१ मध्ये, म्हणजे तयारीला वेळ असतो, पण इशारा पाहिलाच नाही तर तो वेळ वाया जातो.

आपलेच फ्रेमवर्क लिहिताना

आता पलीकडच्या बाजूला येऊ. एखाद्या कंपनीत चार गट वापरतात ते छोटे अंतर्गत फ्रेमवर्कसुद्धा फ्रेमवर्कच आहे, आणि त्याच्या कर्त्यालाही हीच रेषा आखावी लागते. ती पहिल्याच दिवशी आखावी. सारा कोड अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या मॉड्यूलमध्ये ठेवावा आणि वापरणाऱ्यांसाठी जी थोडी नावे आहेत तेवढीच पॅकेजच्या दर्शनी फाइलमधून पुन्हा बाहेर द्यावीत. त्याच फाइलमध्ये 'ऑल' या खास यादीत ती नावे लिहावीत. ज्या मॉड्यूलमध्ये सार्वजनिक असे काहीच नाही त्यात ही यादी रिकामी ठेवावी. 'पेप ८'मध्ये रिकाम्या यादीचा हाच अर्थ दिलेला आहे. पायटेस्ट या चाचणी-साधनाची रचना अशीच आहे: काम करणारा कोड '_पायटेस्ट' या पॅकेजमध्ये आणि वापरणाऱ्यांसाठी नावे 'पायटेस्ट'मध्ये.

शंका असेल तर नाव अंतर्गतच ठेवावे. अंतर्गत नाव पुढे सार्वजनिक करायला एक ओळ पुरते. सार्वजनिक नाव अंतर्गत करायला दोन-तीन आवृत्त्या, इशारे, मार्गदर्शिका आणि लोकांची नाराजी एवढे सगळे लागते. नमपाय या गणनाच्या लायब्ररीला हे जून २०२४ मध्ये २.० आवृत्तीत करावे लागले. 'नमपाय.कोअर' हे पॅकेज मुळात खासगी मानलेले होते, पण नावावरून ते कळत नसे आणि अनेकजण ते वापरत होते. त्याचे नाव '_कोअर' केले गेले. जुन्या पत्त्यावर त्यांनी इशारा देणाऱ्या छोट्या फाइल ठेवल्या, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पिपच्या दहाव्या आवृत्तीने जो धक्का दिला, तो अशा फाइलींनी बराच सौम्य झाला असता.

इशारा द्यायची तांत्रिक सोय पायथनमध्ये आहे. ३.७ आवृत्तीपासून मॉड्यूलला स्वतःची 'गेटॲट्र' मेथड देता येते. कुणी जुने नाव मागितले की ती इशारा देऊन नवे ऑब्जेक्ट परत करू शकते. इशारा देणाऱ्या 'वॉर्न' या फंक्शनला 'स्टॅकलेव्हल'चे मूल्य २ द्यावे, म्हणजे इशाऱ्यात तुमच्या फ्रेमवर्कमधील नव्हे तर वापरणाऱ्याच्या कोडमधील ओळ दिसेल. ही एवढीशी काळजी न घेतल्यामुळे कित्येक इशारे निरुपयोगी होतात. इशाऱ्याच्या मजकुरात कोणते नाव जाणार, कोणत्या आवृत्तीत जाणार आणि त्याऐवजी काय वापरावे, या तिन्ही गोष्टी असाव्यात. याखेरीज सर्व सार्वजनिक नावे आणि त्यांच्या सह्या एका साध्या फाइलमध्ये साठवून, त्या फाइलशी प्रत्यक्ष पॅकेजची तुलना करणारी एक चाचणी लिहावी. ती पडली म्हणजे कुणीतरी सार्वजनिक इंटरफेस बदलला आहे आणि त्यावर जाणीवपूर्वक निर्णय हवा आहे, हे त्याच दिवशी कळते.

एवढे करूनही तुमचा एखादा अंतर्गत भाग लोक सर्रास वापरू लागतील. तेव्हा त्यांच्यावर रागावण्याआधी त्यांना त्याची गरज का भासते ते पाहावे. जँगोच्या '_मेटा'चे असेच झाले. एखाद्या मॉडेलवर कोणती फील्ड आहेत, कोणती नाती आहेत, हे प्रोग्राममधून जाणून घेण्याचा दुसरा मार्ग नव्हता, त्यामुळे जँगोच्या आरंभीच्या काळापासून असलेले हे अंतर्गत ऑब्जेक्ट असंख्य पॅकेजे वापरत होती. एप्रिल २०१५ मधील १.८ आवृत्तीत कर्त्यांनी ते जसेच्या तसे सार्वजनिक केले नाही. फील्ड मिळवण्यासाठी 'गेट_फील्ड' आणि 'गेट_फील्ड्स' या मेथडभोवती आटोपशीर एपीआय आखले, त्याचे डॉक्युमेंटेशन लिहिले, आणि चार मूल्यांचा टपल (ठरावीक क्रमाचा मूल्यसंच) परत करणाऱ्या 'गेट_फील्ड_बाय_नेम'सारख्या जुन्या मेथड रीतसर मोडीत काढल्या, जरी त्यांच्याविषयी वचन असे कधीच दिलेले नव्हते. जुन्या प्रत्येक मेथडऐवजी नवे काय लिहावे याची मार्गदर्शिका त्यांनी डॉक्युमेंटेशनमध्ये दिली, आणि ऑगस्ट २०१६ मधील १.१० आवृत्तीत जुन्या मेथड काढून टाकल्या. नावाआधीचा अंडरस्कोर मात्र त्यांनी तसाच राहू दिला.